जी४१ मदरबोर्डवर ४ जीबीची नवी रॅम लावल्यावर डिस्प्ले येत नाही. तीच रॅम दुसऱ्या संगणकात चालते

वाचनवेल

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका 'क' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयात २०१० साली घेतलेला एक डेस्कटॉप संगणक आहे. त्यात कोअर टू डुओ ई७५०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या मुख्य चिपचा) व डीडीआर३ रॅमचे दोन स्लॉट असलेला मदरबोर्ड, २ जीबीची एकच रॅम आणि ३२ बिटची विंडोज ७ आहे. आजवर पुस्तकांची देवघेव आणि पत्रव्यवहार यांपलीकडे त्याच्याकडून काम घेतले नव्हते, त्यामुळे तक्रारीचे कारण नव्हते. या वर्षी आम्ही स्वातंत्र्यपूर्व काळातील मासिकांचे अंक स्कॅन करायला घेतले. ए४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केले, की ते मेमरीत सुमारे १०० एमबी जागा घेते. बारा-पंधरा पाने एकत्र उघडली, की संगणक थिजतो आणि हार्ड डिस्कचा दिवा विझायचे नाव घेत नाही.

म्हणून ४ जीबीच्या दोन डीडीआर३ १३३३ रॅम विकत आणल्या. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत कमाल ८ जीबी असे स्पष्ट छापलेले आहे, ते वाचूनच खरेदी केली. मात्र यांपैकी कोणतीही एक रॅम, कोणत्याही स्लॉटमध्ये लावली तरी पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही. जुनी २ जीबीची रॅम पहिल्या स्लॉटमध्ये परत लावली, की संगणक पूर्ववत सुरू होतो. दुकानदाराने दोन्ही रॅम त्याच्या यंत्रावर चालवून दाखवल्या. माझ्या भाच्याकडे एच६१ मदरबोर्डचा संगणक आहे, त्यातही दोन्ही व्यवस्थित चालल्या. रॅम चांगली आहे, बोर्डही चांगला आहे, तरी दोघांचे जमत नाही, याचा उलगडा होत नाही. रॅम परत करायची मुदत चार दिवसांत संपते, त्यामुळे शक्य तितक्या लवकर मार्गदर्शन व्हावे ही विनंती.

डोंबिवलीकर

ताई, आधी काही साध्या गोष्टी पडताळून घ्याव्यात, कारण जुन्या संगणकांत निम्म्याहून अधिक वेळा कारण तिथेच सापडते, असा माझा दुरुस्तीच्या कामातला अनुभव आहे. संगणक बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे आणि वायर काढावी. त्यानंतर कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) उरलेला भार निघून जातो. वायर तशीच ठेवून रॅम काढू नये. संगणक बंद दिसत असला तरी बोर्डवर स्टँडबायचा ५ व्होल्टचा पुरवठा चालू असतो आणि अशा वेळी रॅम ओढली तर रॅम किंवा स्लॉट जायबंदी होऊ शकतो.

बायोसचा (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्याच प्रोग्रामचा) सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवावा, म्हणजे जुन्या रॅमसाठी साठवलेल्या वेगाच्या नोंदी (टायमिंग) पुसल्या जातील. रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने पुसून घ्यावेत. बसवताना दोन्ही टोकांच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत दाबावे. जुन्या बोर्डचे स्लॉट कडक झालेले असतात, त्यामुळे रॅम बसली असे वाटते आणि एक टोक मिलिमीटरभर वर राहिलेले असते.

कॅबिनेटच्या आत बीप देणारा छोटा स्पीकर आहे का, तेही पाहावे. नसेल तर कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. तो जोडून तीन प्रयोग करावेत: एकही रॅम न लावता, फक्त जुनी रॅम लावून आणि फक्त नवी रॅम लावून. रॅम नसताना बीप येत असेल, तर प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत आणि ते रॅम मागत आहेत एवढे नक्की समजते.

सुटेभाग

खोडरबराबद्दल थोडे बोलतो. त्याचा मुलामा खरवडणारा निळा भाग कधीही वापरू नये, आणि पांढरा भाग वापरला तरी त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात आणि नवा बिघाड तयार होतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड यांनीच पुसावे. बाकी वरील सल्ला योग्य आहे, परंतु या प्रश्नात मला कारण वेगळे दिसते.

ताई, कृपया दोन गोष्टी पाहून सांगाव्यात. नव्या रॅमवर काळ्या चिप एकूण किती आहेत, म्हणजे एकाच बाजूला आठ आहेत की दोन्ही बाजूंना आठ-आठ? आणि लेबलवर '१आर×८' किंवा '२आर×८' अशी खूण आहे का?

वाचनवेल

दोघांचेही आभार. सेल काढून पाहिला, पायही पुसले, फरक पडला नाही. स्पीकर आणून जोडला. रॅम नसताना बीप येतात, जुनी रॅम लावल्यावर एक छोटी बीप येऊन डिस्प्ले येतो, आणि नवी रॅम लावल्यावर पुन्हा रॅम नसल्यासारख्याच बीप येतात. नव्या रॅमच्या एकाच बाजूला आठ चिप आहेत, दुसरी बाजू पूर्ण रिकामी आहे. लेबलवर '४ जीबी १आर×८ पीसी३-१०६०० यू' असे लिहिले आहे. जुन्या २ जीबीच्या रॅमवर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप आहेत. नव्या रॅमवर चिप कमी म्हणजे ती अधिक आधुनिक, असे मला वाटले होते.

सुटेभाग

आधुनिक आहे हे खरेच, आणि नेमके तेच इथे आडवे आले आहे. हा दोष ना तुमचा ना बोर्डचा. रॅमवर ४ जीबी एवढेच ठळक छापलेले असते आणि ती ४ जीबी आतून कशी रचली आहे हे सहसा कोणी विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

डीडीआर३ रॅम आणि चिपसेट यांच्यातला माहितीचा रस्ता ६४ बिट रुंदीचा असतो. '×८' याचा अर्थ प्रत्येक चिप त्या रस्त्यात ८ बिटांचा वाटा उचलते. म्हणून आठ चिप मिळून ६४ बिट पूर्ण होतात, आणि अशा एका पूर्ण संचाला एक रँक म्हणतात. '१आर' म्हणजे एक रँक, '२आर' म्हणजे दोन. आता हिशेब पाहा. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ती आठ चिपमध्ये वाटली तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची असावी लागते, सोळा चिपमध्ये वाटली तर २ गिगाबिटची. तुमच्या नव्या रॅमवरील प्रत्येक चिप ४ गिगाबिटची आहे.

चिपच्या आत साठवण रांगा आणि स्तंभ अशा मांडणीत असते आणि हवी ती रांग निवडण्यासाठी चिपसेट पत्त्याचे बिट पाठवतो. ×८ प्रकारच्या २ गिगाबिट डीडीआर३ चिपला रांगेसाठी १५ बिट पुरतात, ४ गिगाबिटच्या चिपला १६ लागतात. जी४१ चिपसेट २००८ सालचा आहे आणि त्याच्याकडून रॅमकडे जाणाऱ्या पत्त्याच्या रेषा १५ च आहेत. सोळावा बिट पाठवण्याची सोयच नसल्यामुळे तो त्या चिपशी बोलू शकत नाही. काही बोर्डांवर अशी रॅम निम्मी, म्हणजे २ जीबी दिसते, पण बहुतेक ठिकाणी तुमच्यासारखाच काळा पडदा मिळतो.

बायोस अद्ययावत करून हे सुटेल का, हा प्रश्न पुढे येईलच, तर उत्तर नाही असे आहे. सॉकेट ७७५ च्या, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या पिढीच्या काळात मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) प्रोसेसरमध्ये नसून मदरबोर्डवरील नॉर्थब्रिज चिपमध्ये, इथे जी४१ मध्ये, असे. जी रेषा तांब्यात ओढलेलीच नाही ती बायोसमधून कशी येणार? भाच्याच्या एच६१ बोर्डवर प्रोसेसर वेगळ्या पिढीचा आहे, कंट्रोलर त्या प्रोसेसरच्या आत आहे आणि त्याला ४ गिगाबिटच्या चिप चालतात. म्हणून तिथे सर्व सुरळीत झाले. दुकानदाराचेही तेच झाले असणार, त्यामुळे त्यानेही फसवले असे मी म्हणणार नाही.

तुम्हाला हवी ती रॅम अशी: ४ जीबी, डीडीआर३, १.५ व्होल्ट, दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप, खूण '२आर×८', शेवटी 'यू' (म्हणजे साध्या डेस्कटॉपची, अनबफर्ड). वेग १०६६ किंवा १३३३ कोणताही चालेल. १३३३ ची रॅमही या बोर्डवर १०६६ किंवा ८०० वरच धावेल, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

डोंबिवलीकर

हे मला ठाऊक नव्हते. माझ्याकडे अशी दोन गिऱ्हाइके येऊन गेली आणि दोघांनाही मी बोर्ड खराब आहे असे सांगितले. त्यांतला एक बोर्ड अजून माझ्याकडे पडून आहे, तो उद्याच सोळा चिपच्या रॅमवर तपासतो.

पेनड्राइव्ह

सुटेभाग यांच्या उत्तरात एक महत्त्वाची पुरवणी जोडतो, कारण ताई आता दुकानात जाऊन "सोळा चिपची द्या" एवढेच म्हणाल्या, तर दुसऱ्यांदा फसगत होऊ शकते. बाजारात 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात मिळणारी रॅम असते, तिच्यावरही सोळा चिप असतात. पण त्या '×४' प्रकारच्या असतात, म्हणजे प्रत्येक चिप ४ बिटांचाच वाटा उचलते आणि सोळा मिळून एकच रँक होते. त्या चिपच्या स्तंभांना ११ बिट लागतात, '×८' ला १० पुरतात. इंटेलच्या डेस्कटॉप चिपसेटला ही रचना चालत नाही. विक्रीच्या पानावर हा शब्द लहान अक्षरांत असतो, कधी नसतोही. म्हणून चिप मोजणे पुरेसे नाही, लेबलवरची खूण वाचावी.

दुसरा धोका सर्व्हरमधून काढलेल्या रॅमचा. तिच्या खुणेत 'यू' च्या जागी 'आर' असतो, चिप आठच्या नव्हे तर नऊच्या पटीत असतात आणि मधोमध एक वेगळी, आडवी चिप दिसते. ती स्लॉटमध्ये अगदी नीट बसते, पण तुमच्या बोर्डवर चालणार नाही.

लेबल फाटलेले असेल, तर भाच्याच्या संगणकात ती रॅम लावून सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडावा. त्यातील एसपीडी (रॅमने स्वतःबद्दल दिलेली माहिती) या पानावर रँक एक की दोन हे दिसते. रॅमवरच्या छोट्या चिपमध्ये कारखान्यात नोंदवलेली ही माहिती असते, त्यामुळे लेबलपेक्षा ती विश्वासार्ह मानावी.

वाचनवेल

सुटेभाग यांचे उत्तर छापून दुकानात नेले. दुकानदाराने ते शांतपणे वाचले, आतून जुन्या साठ्याचा डबा काढला आणि '२आर×८ पीसी३-१०६०० यू' अशी खूण असलेल्या ४ जीबीच्या दोन रॅम बदलून दिल्या. पहिल्या स्लॉटमध्ये एक लावताच डिस्प्ले आला आणि बायोसमध्ये ४०९६ एमबी दिसले. तेव्हा किती हायसे वाटले ते सांगता येत नाही.

परंतु दुसरी अडचण उभी राहिली आहे. दोन्ही रॅम एकत्र लावल्या तरी एकूण ४ जीबीच दिसतात. अदलाबदल करून पाहिली, पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही रॅम चालतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये मात्र कोणतीही चालत नाही, जुनी २ जीबीचीही नाही. हा स्लॉट संगणक आणल्यापासून रिकामाच होता.

सुटेभाग

तुम्ही अदलाबदल करून पाहिलीत हे फार बरे केलेत, त्यामुळे संशय थेट स्लॉटवर येऊन थांबला. नंतरच्या पिढ्यांच्या बोर्डवर असे झाले असते, तर मी आधी प्रोसेसरखालची वाकलेली पिन किंवा एका बाजूला जास्त आवळलेला कूलर तपासायला सांगितले असते. तिथे रॅमच्या रेषा प्रोसेसरपर्यंत जातात आणि एक पिन सुटली तरी पूर्ण चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारा एक रस्ता, गायब होतो. तुमच्या बोर्डवर कंट्रोलर नॉर्थब्रिजमध्ये असल्यामुळे ती शक्यता सोडून द्यावी आणि प्रोसेसरला हात लावू नये.

पंधरा वर्षे उघडा राहिलेला स्लॉट धूळ आणि दमटपणा शोषून घेतो आणि आतल्या पात्यांवर थर चढतो. विजेरीच्या उजेडात आत पाहावे. एखादे पाते वाकलेले किंवा आत दबलेले नाही ना, स्लॉटजवळच्या कॅपॅसिटरांची डोकी फुगलेली नाहीत ना, हे पाहावे. पाती सरळ असतील तर कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. मग रॅमच्या पायांना अल्कोहोलचा हलका हात लावून ती त्या स्लॉटमध्ये पाच-सहा वेळा सावकाश घालावी आणि काढावी, म्हणजे पात्यांवरचा थर घासला जातो. अल्कोहोल पूर्ण सुकेपर्यंत, निदान अर्धा तास, वीज जोडू नये. सुईने किंवा टाचणीने काहीही खरवडू नये.

वाचनवेल

स्लॉटमधून धुळीबरोबर कोळ्याच्या जाळ्याचा एक तुकडाही निघाला. पाती सरळ होती. सहा वेळा रॅम घालून काढली, दुपारभर सुकू दिले आणि संध्याकाळी सुरू केले. बायोसमध्ये ८१९२ एमबी दिसत आहेत. मात्र विंडोजमध्ये 'बसवलेली मेमरी ८ जीबी, त्यांपैकी वापरण्याजोगी ३.२५ जीबी' असे दिसते. हे ३२ बिटच्या विंडोजमुळे असावे असे वाचले आहे. तसे असेल तर पुढे काय करावे?

पेनड्राइव्ह

होय, त्यामुळेच. ३२ बिटच्या पत्त्यांनी एकूण ४ जीबी जागाच मोजता येते, आणि त्या जागेतला काही भाग ग्राफिक्स, नेटवर्क व इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी राखलेला असतो. उरते ती तुमची सव्वातीन जीबी. काही लोक विंडोजच्या 'एमएसकॉन्फिग' या सेटिंगच्या प्रोग्राममधील कमाल मेमरीचा चौकोन निवडायला सांगतात, पण त्याने मर्यादा वाढत नाही, म्हणून त्याला हात लावू नका. ई७५०० प्रोसेसर ६४ बिटचा आहे, त्यामुळे ६४ बिटची प्रणाली बसवणे हाच मार्ग आहे. जुन्यावर नवी चढवता येत नाही, कोरी बसवावी लागते. बायोसमध्ये मेमरी रिमॅप (उपकरणांच्या पत्त्यांखाली झाकलेली रॅम ४ जीबीच्या वर मोजण्याची सोय) नावाचा पर्याय असेल, तर तो चालू आहे याची खात्री करावी, अन्यथा ६४ बिटवरही वरचा भाग दिसणार नाही.

घाई करण्यापूर्वी दोन गोष्टी. ग्रंथालयात जुन्या देवनागरी फॉन्टचे, डाँगल (परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला लावायचा छोटा तुकडा) लावून चालणारे सॉफ्टवेअर असेल, तर ६४ बिट प्रणालीला त्या डाँगलचा ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो, आणि तो अनेकदा मिळत नाही. स्कॅनरच्या ड्रायव्हरचेही तसेच. त्यामुळे जुनी डिस्क पुसू नये. दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकही पान स्कॅन करण्यापूर्वी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन, दोन्ही रॅम लावून रात्रभर चालवावे. रॅममध्ये एखादा बिट अधूनमधून उलटत असेल, तर संगणक बंद पडेलच असे नाही. तो चुकीची माहिती गुपचूप डिस्कवर लिहीत राहतो आणि सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर पानाचा खालचा भाग राखाडी झालेला दिसतो. तुमच्या मासिकांची पाने हात लावताच तुटत असतील, तर ती पुन्हा स्कॅन करायची संधी मिळेलच असे नाही. अहवालात एकही चूक आली, तर ती रॅम परत करावी. एवढ्या मोठ्या मेमरीत एक चूक चालून जाईल, असा विचार इथे करू नये.

डोंबिवलीकर

माझ्याकडे पडून असलेला बोर्ड '२आर×८' रॅमवर लगेच सुरू झाला. ज्यांचा तो होता त्यांना फोन करून कळवले आहे.

ताई, खर्चाची तयारी असेल, तर ६४ बिट प्रणाली छोट्या सॅटा एसएसडीवर (हार्ड डिस्कच्याच वायरने जोडल्या जाणाऱ्या, फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) बसवावी. या बोर्डवर सॅटाचा वेग ३ गिगाबिटच आहे, तरी जुन्या हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक लगेच जाणवेल. जुनी डिस्क तशीच ठेवून सुरू करताना हवी ती निवडता येते.

वाचनवेल

मेमटेस्ट शनिवारी संध्याकाळी लावला आणि सोमवारी सकाळी ग्रंथालय उघडल्यावर पाहिला. सर्व फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या आणि चुकांच्या रकान्यात शून्य होते. आमच्याकडे डाँगलवर चालणारे सॉफ्टवेअर खरोखरच आहे, त्यातच १९९० च्या दशकापासूनचे वार्षिक अहवाल आहेत. म्हणून जुनी डिस्क जशीच्या तशी ठेवली आणि भाच्याच्या मदतीने एसएसडीवर ६४ बिटची लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवली. स्कॅनर तिथे वेगळा ड्रायव्हर न घालता ओळखला गेला. काल एका अंकाची चव्वेचाळीस पाने ६०० डीपीआयवर एकत्र उघडून सरळ केली, संगणक कुठेही अडखळला नाही.

दोन्ही रॅमवरच्या खुणा, स्लॉटची हकिकत आणि 'एका बाजूला आठ चिपची ४ जीबी रॅम या बोर्डवर चालत नाही' हे वाक्य एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. माझ्यानंतर येणाऱ्या ग्रंथपालाने झाकण उघडले, की तो आधी दिसेल.